डायवर्शनवरचं बुजगावणं

माझी चहाची टपरी रोह्याच्या रस्त्याला, खिंड उतरली की डाव्या हाताला. नाव सरू, पण ड्रायव्हर लोक मावशीच म्हणतात. मावशीचं तोंड फाटकं आहे असंही म्हणतात. असू दे. त्या फाटक्या तोंडानं मी नाथाभावजींना काय कमी सांगितलं? ऐकलं असतं तर आज ते इथं बाकावर बसून बशीत चहा ओतत असते.

नाथाभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते आणि हा रस्ता बरोबरच वाढले म्हणा ना. आमचे सासरे, बाबाजी, ह्याच रस्त्यावर मैलकुली होते. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, झाडांना चुना लावायचा. ते सांगायचे, त्याच्या आधी इथं नुसती बैलवाट होती. धरमतरच्या खाडीवरचं मीठ पेण, वडखळ, नागोठणं करत ही खिंड चढायचं आणि रोह्याशेजारच्या अष्टमी गावात उतरायचं. परतीला बैलांच्या पाठीवर तांदूळ. मग वाटेवर मुरूम पडला, मग खडी, मग डांबर. रोह्यापुढं कंपन्या आल्या आणि रस्त्याची झोपच उडाली. दर वेळी रस्ता थोडा रुंद व्हायचा आणि आमचं शेत तेवढंच अरुंद. सासरे म्हणायचे, "ह्या रस्त्याचं पोट काय भरत नाय रे बाबांनो." आम्ही हसायचो. म्हाताऱ्याची बडबड वाटायची.

गेल्या साली नाल्यावरची जुनी मोरी पाडून नवी बांधायला काढली. तोवर गाड्या जायला ठेकेदारानं बाजूनं मातीचा भराव टाकून डायवर्शन केलं, तेही भावजींच्या उरल्यासुरल्या भातखाचरातून. त्याची भरपाई म्हणून काय, तर भावजींना तिथं झेंडेवाल्याचं काम. लाल झेंडा, पिवळी टोपी, चमकणारं जाकीट. कारण खिंडीतून गाडी सुसाट उतरते, आणि वळण संपलं की समोर पाडलेली मोरी. नवखा माणूस सरळ गेला तर नाल्यातच. म्हणून तिथं कुणीतरी उभं पाहिजेच. पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकटा माणूस किती उभा राहणार? दुसरा द्या म्हटलं की सुपरवायझर धनेश म्हणायचा, "बघतो काका." अजून बघतोय मेला.

भावजींचे गुडघे गेलेले. वर वालाच्या वाफ्याला पाणी द्यायचं, गुरं सोडायची. एक दिवस बघते तर डायवर्शनवर दोन नाथाभावजी! एक उभा, एक माझ्या बाकावर बसलेला. मी गाळणं टाकून बाहेर आले.

"वयनी, घाबरलीस ना?" भावजी मांडीवर थापा मारत हसायला लागले. "बुजगावणा हाय. जाकीट घातला, टोपी घातली. त्याच्या हाताला दोरी बांधलीय, वारा आला की झेंडा हलतो. शेतात पाखरं हाकायचा, आता गाड्या हाकंल."

खाचरात दरसाल जिथं बुजगावणं असायचं, बरोबर तिथंच ते उभं होतं. आत पेंढा भरलेला आणि अंगात भावजींचाच निळा सदरा. माझी जाऊ इंदू दुपारी डबा घेऊन आली आणि ते बघून तिचं तोंड उतरलं. "जित्या माणसाचा सदरा बुजगावण्याला घालतात व्हय? काढा बघू आधी." पण भावजींनी तिची थट्टाच केली. धनेश आला, मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, "काका, मस्तच! आणखी दोन करून द्या, पुढच्या मोरीवर लावतो." झालं. मग कोण कोणाचं ऐकतंय?

भावजींचा मुलगा निकेश कंपनीची बस चालवतो. बायको-पोरीला घेऊन रोह्याजवळ वरसेला भाड्यानं राहतो. रोज दुपारी पेण-नागोठण्याची माणसं भरून दुसऱ्या शिफ्टला इथनं जातो. बापाला बघितलं की दोनदा हॉर्न मारायचा, ही त्याची सवय. आता बापाऐवजी बुजगावणं असलं तरी हॉर्न मारायचा आणि खिडकीतनं सलाम ठोकायचा. बसमधली माणसं हसायची. त्याचं बघून दुधाचा टेम्पो, खडीचे डंपर, पेणहून गणपती आणणारी पोरं, सगळेच दोनदा हॉर्न मारायला लागले. आणि हॉर्न मारून वेग कमी न करता डायवर्शनवर वळायचे. वाट पाठ झालेली ना त्यांना.

मला ते हॉर्न ऐकवत नव्हते. मी एकदा भावजींना म्हटलं, "शेतात तुम्ही बुजगावणं चार दिवसांनी हलवता. का हलवता?"

"नायतर पाखरं ओळखतात. त्याच्या डोक्यावर बसतात."

"मग ड्रायव्हर काय पाखरापेक्षा येडे हायत? उद्या तुम्ही खरे उभे राहिलात तर कोण थांबणार?"

भावजींनी चहा संपवला. "डायवर्शन काय चार दिवसांनी हलवता येतंय, वयनी?" एवढंच बोलले.

श्रावणात एका डंपरनं ते बुजगावणं उडवलं. भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. पिवळी टोपी माझ्या टपरीच्या दाराशी येऊन पडली. डंपर थांबला नाही, ड्रायव्हरनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. भावजी पेंढा गोळा करत म्हणाले, "बघ वयनी, मी वाचलो." मला मात्र हसू येईना. टोपी, जाकीट, सदरा, सगळं माणसाचं होतं, आणि माणूस चिरडला का म्हणून कुणी थांबलं नव्हतं. संध्याकाळी इंदूनं भावजींवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. ते आपले म्हणत होते, "माझ्यावरून काय, त्याच्यावरून ओवाळ." दुसऱ्या दिवशी नवा पेंढा भरून बुजगावणं परत जागेवर.

गणपतीला थोडेच दिवस उरले होते. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. बुजगावण्याचा पेंढा भिजून ते वाकलं, म्हणून भावजींनी ते उचलून माझ्या चुलीशी सुकायला ठेवलं आणि स्वतः जाकीट-टोपी चढवून त्याच्या जागी उभे राहिले. दुपारी खिंडीतलं पाणी तांबडं होऊन नाल्यात उतरलं. बघता बघता डायवर्शनचा मधला भराव आत बसला. रस्त्याला हे एवढं भगदाड, आणि अलीकडे मातीचा ढीग असल्यानं येणाऱ्याला ते दिसायचं नाही. मी धनेशला फोन लावला. "ड्रम-बिम लावायला माणसं पाठव रे बाबा, लवकर!" तो म्हणाला, "निघालोच मावशी."

पहिली आली ती मुंबईकडची गाडी. नवखी. लाल झेंडा बघून मुकाट थांबली. भावजींनी हातवारे करून तिला मागं फिरवलं. माझा जीव जरा खाली पडला. मी टपरीतलं बाकडं ओढत रस्त्याकडं निघाले, म्हटलं आडवं टाकावं.

तेवढ्यात खिंडीत बसचा आवाज आला. निकेशची बस, माणसांनी भरलेली.

भावजींनी झेंडा हलवला. बसनं दोनदा हॉर्न मारला.

तो हॉर्न ऐकला आणि मी बाकडं तिथंच टाकलं. झेंडा रोजच हलायचा, वाऱ्यानं. भावजींनाही ते त्याच क्षणी कळलं असणार. त्यांनी झेंडा फेकला. टोपी फेकली. जाकीट ओरबाडून काढलं. उघड्या डोक्यानं, दोन्ही हात पसरून, गुडघे मोडलेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध पळत गेला. "निकेऽऽश! अरे मी हाय! मी हाय रे!"

निकेशनं बापाचे पांढरे केस बघितले आणि करकचून ब्रेक दाबला. ओल्या मातीवर बस घसरत आली. भगदाडाच्या अलीकडे थांबली. बसमधल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

भावजी बसच्या पुढच्या चाकाशी पडले होते. निकेश उतरला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि सारखं एकच बोलत राहिला, "बाबा, मला वाटला बुजगावणा हाय. मला वाटला बुजगावणा हाय." पोलिसांपुढंही तेवढंच बोलला. इंदू आली तेव्हाही तेवढंच. इंदूनं त्याला जवळ घेतलं. माझ्या टपरीत चुलीशी तो निळा सदरा घालून बुजगावणं बसलेलं होतं, ते मी गोणपाटाखाली झाकलं.

निकेशनं गाडी सोडली. वरसेला घरात बसून असतो. रस्त्यावर कुणी दोनदा हॉर्न मारला तर कानावर हात ठेवतो, असं त्याची बायको सांगते.

भराव परत घातला. डायवर्शन पहिल्यासारखं चालू. भावजींच्या जागी आदेश नावाचा एक माणूस आला, बायकामुलांचा, गरीब स्वभावाचा. आठवडाभर उभा राहिला बिचारा. मग एका सकाळी चहा पिता पिता त्याची नजर गोणपाटाकडं गेली.

"मावशी, तुझ्याकडं तो बुजगावणा हाय ना गो? धनेशसाहेब म्हणाले, घे म्हणून. पाय लय दुखतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोणपाट फेकलं, बुजगावणं ओढत बाहेर नेलं आणि त्याच्यावर रॉकेलचा डबा उपडा केला. निळा सदरा तेवढा आधी काढून घेतला, इंदूसाठी. पेंढा धुमसत धुमसत पेटला. आदेश तोंड वासून बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "उभा राहा जा. पाय दुखले तर ये, मी चहा देईन. पण उभा तूच राहायचंस."

तो गेला. जाकीट घालून, टोपी घालून, भावजींच्या जागेवर उभा राहिला. खिंडीतनं दुधाचा टेम्पो उतरला. आदेशनं झेंडा वर केला.

टेम्पोनं दोनदा हॉर्न मारला आणि वेग कमी न करता त्याच्या अंगावरून वारा घालत निघून गेला. मागोमाग डंपर उतरत होता. मी चुलीवरचं आधण तसंच टाकून रस्त्यावर पळाले, पदर हलवत, घसा फुटेस्तोवर ओरडत, "अरे माणूस हाय तो! माणूस हाय!"