उंडीच्या तेलाचा वास

सुमनच्या बाराव्याला तिच्या घरी कोनाड्यात उंडीच्या तेलाची बाटली दिसली. बूच काढलं, आणि त्या कडवट वासाने मला आचऱ्याच्या आमच्या शाळेत नेलं.

आम्ही शाळेत असताना एका पावसाळ्याआधी सुमनचे वडील होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. प्रेत मिळालं नाही, म्हणून तिच्या आईने कुंकू पुसलं नाही. घरात कुणी रडायचं नाही, असं ठरलं होतं. जिवंत माणसासाठी रडणं अशुभ.

एका दुपारी वर्गाच्या सारवलेल्या जमिनीवर मला रक्ताचे ठसे दिसले. सुमनच्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता.

"सुमन, तुका दुखणा नाय गो?"

तिने पाय उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "माका कळणा नाय."

बाईंनी तुकडा काढून जखमेवर उंडीचं तेल चोळलं आणि म्हणाल्या, "बघा, किती धीराची मुलगी!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याला आम्ही धीरच म्हणत राहिलो. लेकीची पाठवणी झाली, नवरा गेला, तिचे डोळे कोरडेच राहिले. शेवटच्या आजारात डॉक्टर विचारायचे, "कुठे दुखतं?" ती माझ्याकडे बघायची, आणि मी अंदाजाने काहीतरी सांगायची.