दवाखान्याच्या गाडीतला फ्रिज

आमचं नवीन राज्य वेगळं झालं त्या काळात मी बीरगावच्या वस्त्यांमधून फिरणाऱ्या दवाखान्याच्या गाडीवर औषधं द्यायचो. गाडीतला फ्रिज बिघडला की पंडरीहून एक मिस्त्री यायचे. फ्रिजच्या पाठीवर तळहात ठेवून ते डोळे मिटून बसायचे. काहीही विचारलं तरी नुसतं ‘हव’ म्हणायचे. तो होकार आहे की नुसतं ऐकलंय, हे कळत नसे.

एकदा फ्रिज बंदच पडला आणि सगळं इन्सुलिन फेकावं लागलं. मिस्त्रींनी फ्रिज पुढे ओढला. ड्रायव्हरनं त्याच वायरीवरून स्वतःच्या पंख्यासाठी जोडणी घेतली होती. वीज कमी पडून कॉम्प्रेसर जळला होता. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. मिस्त्रींनी ती जादा वायर काढून खिशात टाकली. डॉक्टरबाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “जुना झाला होता, मॅडम. नवा बसवा लागते.”

नवा फ्रिज बसवून ते निघाले तेव्हा मी विचारलं, “भैया, खोटं काहून सांगितलं?”

“नोकरी गेली असती त्याची. मी समजावलं त्याले. आता नाही करत तो.”

मी बाईंना काही बोललो नाही. मात्र रोज गाडी सुटण्याआधी फ्रिजच्या मागे वाकून बघायची सवय मला तेव्हापासून लागली.