एका हळदीच्या रानातले नऊ भाचे

"हे समदे माझे भाचे हायेत, मॅडम."

दादाराव असं म्हणाले आणि त्यांनी अख्ख्या रानावरून हात गोल फिरवला. मी मोजले. नऊ भाचे. सगळ्यात लहान आठ-नऊ वर्षांचा, सगळ्यात मोठी तेराची. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे.

"सगळे?"

"समदेच. मामाच्या रानात लेकरं येणारच की. काहून, मामाकडं यायला बी सरकारची परवानगी लागती का आता?"

मंगळवार होता. सकाळचे साडेअकरा. शाळा भरून दीड तास झाला होता.

मी कामगार खात्यात अधिकारी आहे. हिंगोली जिल्ह्यात आले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. माझ्या पिशवीत एक वही असते आणि तिच्या शेवटच्या पानांवर मालकांनी दिलेली उत्तरं नंबर घालून लिहिलेली असतात. एक नंबर: "आजच आलंय." चार नंबर: "आईचा डबा घेऊन आलंय." नऊ नंबर: "दिसायला बारीक हाय, पण अठरा पूर्ण हायेत." त्या दिवसापर्यंत सोळा उत्तरं जमली होती. भाचे हे सतरावं. मी उभ्या-उभ्या लिहून घेतलं.

डोंगरकड्याच्या अलीकडचं हे शिवार. माझ्याकडे कुणाची तक्रार आली नव्हती, यादी आली होती. जवळच्या गावातल्या मुख्याध्यापकांनी सहज म्हणून दोन वर्षांच्या गैरहजेरीची यादी पाठवली होती. हळद काढणीला आली की वर्ग रिकामे व्हायला लागतात आणि कुकर थंडावले की पुन्हा भरतात. हळद शिजवायच्या मोठ्या टाक्यांना इकडे कुकर म्हणतात. हळद जमिनीतून निघाली की गड्डे आणि हळकुंडं हातानं मोडून वेगळी करावी लागतात. ते काम बसून करायचं असतं, म्हणून लेकरांना लावतात.

यादीतल्या एका नावापुढे मुख्याध्यापकांनी लाल पेननं फुली मारली होती. वैष्णवी, इयत्ता आठवी. तिची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी अशाच हंगामात पंधरा दिवसांसाठी म्हणून शाळेतून निघाली. ती परत आलीच नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न लावलं. "हिचं तेवढं बघा," असं त्यांनी खाली लिहिलं होतं. वैष्णवी आत्ता माझ्यापासून दहा पावलांवर बसली होती आणि गड्डे मोडत माझ्याकडे चोरून बघत होती.

आता कायदा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. एक सवलत आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या धंद्यात हातभार लावू शकतं, काम धोक्याचं नसेल तर. घरचा म्हणजे कुणाचा, तेही कायद्यात लिहिलंय: आईवडील, भाऊबहीण, आणि आईवडिलांची सख्खी भावंडं. म्हणजे काका, आत्या, मावशी आणि मामा.

दादारावांना कुणीतरी मोबाइलवर यातला शेवटचा शब्द तेवढा पाठवला होता.

खरा भाचा असता तरी शाळेच्या वेळेत चालला नसता. माझ्यासोबतचे लिपिक गजानन तेच कानात कुजबुजत होते. "मॅडम, सरळ पंचनामा करू. पोलीस गाडीत बसलेतच." पोलिसांना मीच रस्त्यावर थांबवलं होतं. वर्दी दिसली की मुलं केळीच्या बागेतून पसार होतात. पण माझी अडचण वेगळी होती. मागच्या वर्षी एका प्रकरणात सगळ्या आयांनी सांगितलं की लेकरं खेळायला आली होती, आणि प्रकरण तिथेच आडवं झालं. मूल रानात दिसलं एवढ्यानं भागत नाही. त्याला कामाला कुणी लावलं, ते कागदावर यावं लागतं.

मी मुलांकडे गेले. "हे तुमचे कोण?"

"मामा!" नऊही एका सुरात. पाठांतर चांगलं होतं.

"मामाचं नाव काय रे?"

सगळ्यात लहान भाच्यानं विचार केला. "मालक," तो म्हणाला.

वैष्णवीची आई सुभद्रा ढिगाच्या पलीकडे होती. तिला विचारलं. तिनं पदर नीट केला, एकदा दादारावांकडे पाहिलं. "भाऊच हायेत माझे. मानलेले न्हाई, सख्खे." डोळे मात्र सांगत होते की बाई, माझी हजेरी घालवू नका.

मग मी ठरवलं, दादारावांचं म्हणणं मान्य करायचं. संपूर्ण.

"दादाराव, तुम्ही म्हणता तर असेल. पण कागद करावा लागेल. गजानन, वंशावळीचा कागद घ्या."

वंशावळ म्हणजे घराण्याची यादी. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बहीण. गजानन पूर्वी तहसीलमध्ये होते, त्यांनी आयुष्यात पाचशे तरी लिहिल्या असतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांना उमगलं, आणि ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं बांधावर बसले की मलाच हसू आवरेना.

"वडिलांचं नाव?"

दादारावांनी सांगितलं. जमीन वडिलांचीच का? व्हय, बापाचीच, वडिलोपार्जित. किती? अकरा एकर. ते खूश होते. कागदावर कागद होत होता आणि मॅडम शांत होत्या.

"आता बहिणी सांगा."

सात बायका रांगेत उभ्या राहिल्या. सुभद्रा, बहीण. लता, बहीण. शेजारच्या तांड्यावरची रुक्मिणी, बहीण.

"सुभद्राबाई, वय?"

"चौतीस. नागपंचमीचा जन्म हाय माझा."

"लताबाई?"

"मी बी चौतीसच की. दिवाळीची."

गजाननचं पेन थांबलं. "एकाच वर्षीची नागपंचमी आणि दिवाळी?"

"व्हय," लता म्हणाली.

"दादाराव," मी म्हटलं, "तीन महिन्यांत दोन?"

दादारावांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं. "आमची माय लय सोशीक व्हती, मॅडम."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी "सोशीक" हा शब्द तसाच लिहायला सांगितला.

सातव्या बहिणीचं वय बासष्ट निघालं. दादाराव पन्नाशीचे. ती नातवाला घेऊन आली होती. नातवाला भाचा म्हणता येत नाही हे गजाननच्या लक्षात आलं, पण मी त्यांना डोळ्यानं गप्प केलं.

मग मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. "मी दादाराव, लिहून देतो की वरील सात महिला माझ्या सख्ख्या बहिणी असून माझ्या वडिलांच्या सरळ वारस आहेत." इथे मी थांबले आणि गजाननना विचारलं, "याची प्रत तहसीलला पाठवायची का हो? सातबाऱ्यावर नावं दिसत नाहीत यांची."

खरं सांगायचं तर अशी प्रत पाठवायचा नियम कुठेच नाही. मी फक्त विचारलं.

"वारस काहून?" दादाराव म्हणाले. "वारसाचा काय संबंध?"

"बापाच्या जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा असतो, दादाराव. सात बहिणी आणि तुम्ही. अकरा एकराचे आठ भाग."

सुभद्राला काय ते समजलं. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि मग मालकाकडे वळली.

"दादा, मला विहिरीकडला तुकडा द्या. मी थोरली हाय."

"थोरली कशी? तू नागपंचमीची, मी दिवाळीची. तीनच तर महिने," लता म्हणाली. "मला केळीची बाग राहू द्या, दादा. मी भांडत न्हाई."

"मला रस्त्याकडलं," रुक्मिणी म्हणाली. "हॉटेल टाकीन म्हणते."

बासष्टची म्हातारी सगळ्यांत शहाणी निघाली. "मला रान नको," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांची भाऊबीज राहिली, ती टाक बाबा आधी."

बायका हसून हसून ढिगावर बसल्या. मुलंही हसत होती, कशाला ते न कळता. दादाराव घामाघूम. "गंमत नका करू गं! मॅडम, खोडा ते. ह्या माझ्या कोणी न्हाईत."

"मघाशी सख्ख्या होत्या."

"न्हाई न्हाई. मजूर हायेत. रोजानं येतात."

"आणि मुलं?"

आता एका बाजूला सात बहिणी होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, केळीच्या बागेकडे पाहिलं.

"ती बी मजूरच," ते म्हणाले. "आईसंगं कामाला ठेवली मी."

"लिहून द्या."

त्यांनी दिलं. सहीही ठळक केली, वर स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: "माझा यांच्याशी कसलाही नातेसंबंध नाही." इतकं पक्कं निवेदन मला नोकरीत दुसऱ्या मालकाकडून मिळालेलं नाही.

मग मी पोलिसांना बोलावलं. मुलांना गाडीतून हिंगोलीला बालकल्याण समितीपुढे नेलं. मुलांना सोडवल्यावर त्यांच्याबद्दलचा निर्णय ही समिती घेते. आया सोबत आल्या. वयाचे दाखले मुख्याध्यापकांनी त्याच दुपारी दिले. मुलं आईच्या ताब्यात आली, शाळेत पाठवू असं लिहून घेऊन.

गाडीत सुभद्रा म्हणाली, "हसलो ते हसलो, बाई. उद्या त्यानं कामावर न्हाई घेतलं तर? तुमी तर जाल हिंगोलीला."

प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे त्याचं कायद्याचं उत्तर कमकुवत होतं. शेतातला रोजंदार मजूर उद्या कामावर नको म्हटलं तर त्याला फारसा आधार नाही. मी फक्त एवढं म्हटलं, "हळद किती निघाली आहे?"

"अर्धी रानात, अर्धी ढिगात."

"मग चार दिवस थांबा."

तिसऱ्याच दिवशी मी फोन केला. "घेतलं का कामावर?"

"न घेऊन काय करतो? ढीग पडलाय, कुकर तापून राहिला. मुकादम पहाटंच गाडी घेऊन दारात." ती हसली. "पण बाई, आता बहीण म्हणत न्हाई. लांबूनच ओरडतो, ओ सुभद्राबाई, म्हणून."

"आणि वैष्णवी?"

"शाळेत. हात अजून पिवळे हायेत. पोरं चिडवतात, नवरी म्हणतात. तिनं एकाला फटका दिला."

मुख्याध्यापकांनी नंतर नवी यादी पाठवली. लाल फुलीच्या जागी बरोबरची खूण होती. वैष्णवी नववीला डोंगरकड्याच्या हायस्कुलात गेली. दादारावांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. नाकबूल करायला जागाच नव्हती.

एवढ्यावर फाइल बंद झाली असती. पण त्या मंगळवारनंतर आठवड्याभरातच ऑफिसात एक बाई आल्या होत्या. नरसीहून बसनं आल्या होत्या, हातात पिशवी, चेहऱ्यावर राग.

"भावानं सात बहिणींची यादी करून दिली म्हणे तुमाला," त्या म्हणाल्या.

"हो. तुम्ही कोण?"

"मी कांताबाई. त्याची खरी बहीण. एकुलती एक." त्यांनी टेबलावर हात आपटला. "माझं नाव काहून न्हाई त्यात?"

मी आणि गजाननने एकमेकांकडे पाहिलं. खरंच नव्हतं. सात बहिणी लिहून घेतल्या, एक राहिली. मी यादीत चूक सहसा करत नाही, पण ही माझी नव्हती. मी त्यांना सांगितलं की हे माझं खातं नाही, तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, तिथे जा. पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली, दागिना ठेवावा तशी.

पुढच्या हळदीला मी पुन्हा त्या शिवारात गेले. मुलं नव्हती. मजुरांसाठी सावलीचं छप्पर होतं, पाण्याचा जार होता, आणि हजेरीचं रजिस्टर होतं. दादारावांनी ते स्वतः आखलं होतं. नाव, वय, वेळ, सही, आणि शेवटी एक रकाना, जो सरकारच्या कुठल्याच नमुन्यात नाही: "नाते". खाली प्रत्येक ओळीत एकच शब्द, पुन्हा पुन्हा, न कंटाळता: नाही. नाही. नाही.

"आणि विहिरीकडला तुकडा?" मी विचारलं. तिथे मध्ये नवा बांध दिसत होता.

"तो कांताचा," दादाराव म्हणाले. "तिचं नातं हाय."

मी रजिस्टरवर सही केली. माझ्या वहीतलं सतरा नंबरचं उत्तर जिल्ह्यात पुन्हा कुणी दिलेलं नाही. कुणी म्हणालंच की मुलं आमचीच आहेत, तर मी वाद घालत नाही. वंशावळीचा कागद काढते.