ओट्यावरची दोन अर्धी लिंबं

"अगं पोरी, हे काय पडलं?" गायकवाड काकू ओट्यावर बोट घासत म्हणाल्या. काळ्याभोर दगडावर दोन पांढुरके गोल उठले होते, अर्ध्या लिंबाएवढे. मी ओलं फडकं घासलं. गोल तसेच.

चिखलोलीतला त्यांचा नवा फ्लॅट. मी बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र शिकते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे बोलताना आधी मलाच धाकधूक वाटते. कॉलेज सुटल्यावर मी प्रमोद सरांच्या किचन साइटवर सुपरवायझर म्हणून जायचे. सरांच्या कार्डवर 'डिझायनर' असं छापलंय. त्यांचं डिझाइन म्हणजे सुताराला फोनवरचा फोटो दाखवून "सेम टू सेम" म्हणणं.

काकू उल्हासनगरात डबे करायच्या. चिंच, कोकम, लिंबू दिवसभर चालू. जुना ओटा कडप्प्याचा, तो डागांनी पांढरा पडलेला. इथे डब्यांचं काम वाढवायचं होतं, म्हणून त्यांची अट एकच होती. ग्रॅनाइट.

"काकू, जेट ब्लॅक ग्रॅनाइट," सर म्हणाले होते. "नातवंडं म्हातारी होतील, पण डाग पडणार नाही."

लादी आली तेव्हा मी खालची बाजू पाहिली. पॉलिश नव्हतं, रंग राखाडी होता. कडेला पातळ थर दिसत होते. ग्रॅनाइट जमिनीत खोलवर तप्त शिलारस सावकाश थंड होऊन बनतो. त्यात स्फटिकांचे दाणे असतात, थर नसतात. कडप्पा म्हणजे चुनखडक. फार जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर साचला आणि दाबाने दगड झाला. म्हणून तो थरांवर सरळ फुटतो, आणि स्वस्तात सपाट लाद्या मिळतात. तेल चोळलं की काळा चकचकीत होतो. फक्त आंबट त्याला सोसत नाही. आम्ही प्रॅक्टिकलला चुनखडकावर ॲसिडचा थेंब टाकतो, फसफसतं. लिंबू तेच करतं, जरा हळू.

तरी खात्री नव्हती. पॉलिश केलेल्या काही काळ्या दगडांत दाणे चटकन दिसत नाहीत. मी खालच्या बाजूला चाकूचं टोक ओढून पाहिलं. सहज चर पडला; ग्रॅनाइटवर असा पडत नाही.

"सर, मला वाटतं हा कडप्पा असावा."

"तुला वाटतं? डिझायनर मी का तू?"

"चाकूने ओरखडा उठतोय, सर."

"मग चाकू ठेव ना खाली! बसवा रे ओटा."

ओटा बसला. काम संपलं त्या संध्याकाळी सर स्वतः लिंबू घेऊन आले. कापलं, कुंकू लावलं आणि दोन्ही फोडी ओट्यावर पालथ्या ठेवल्या. हॉलमध्ये बुद्धमूर्तीसाठी जागा पुसत असलेल्या काकू म्हणाल्या, "आमच्यात हे करत नाहीत हो."

"तुमच्यासाठी नाही, काकू. माझ्या कामाला नजर फार लागते. सकाळपर्यंत हात लावू नका."

आता सकाळ झाली होती; मी कॉलेजच्या आधीच आले होते. सर आले, गोल पाहिले. मग चेहरा उजळला.

"बघितलंत? केवढी नजर होती! दगडाने स्वतःवर घेतली!"

"नजर बरोबर लिंबाएवढीच असते का हो?" काकूंनी विचारलं.

"श्रद्धेचा विषय आहे, काकू."

"मग आता उतरली ना सगळी?"

"सगळी! गॅरंटी!"

काकूंनी पिशवीतून लिंबू काढलं, कापलं आणि कोऱ्या जागी पिळलं. "मग आता काही व्हायला नको."

रसात बारीक बुडबुडे आले. सर खिडकीबाहेर पाहू लागले. थोड्या वेळाने काकूंनी रस पुसला. तिसरा डाग.

"तू कॉलेजात दगडच शिकतेस ना? सांग, हा कोणता?"

सर माझ्याकडे बघत होते. माझी नोकरी त्या बघण्यात होती. मी तिसऱ्या डागावर बोट ठेवलं.

"कडप्पा, काकू."

"लादी बदलून गेली असेल दुकानातून," सर म्हणाले. त्यांनी तिथूनच उल्हासनगरच्या दगडवाल्या शेठना फोन लावला आणि ओरडले. शेठचा आवाज स्पीकर नसतानाही ऐकू आला: "अरे साईं, आपने ही बोला था, कडप्पा दे दो, तेल मार के दे दो!"

 काकूंनी नुसता हात पुढे करून सरांकडची फ्लॅटची चावी परत मागितली.

खरा ग्रॅनाइट काकूंनी स्वतः समोर उभं राहून बसवून घेतला, तोवर सरांना ती मिळाली नाही. काढलेला कडप्पा काकूंनी भिंतीत मांडणीला लावून घेतला. त्यावर डब्यांची चळत राहते. त्या कामाला तो उत्तम दगड आहे, त्याने कधी ग्रॅनाइट असल्याचा दावा केला नव्हता.

मला सरांनी दुसऱ्या साइटवर बोलावलं नाही. सुतार मध्ये भेटला. म्हणाला, सर प्रत्येक नव्या ओट्यावर अजून लिंबू ठेवतात, फक्त आता खाली स्टीलची ताटली असते.