याहून साधा दाखवा

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घरात स्वतःची वस्तू टिकवता येत नाही. हा दोष त्यांच्यात पहिल्यापासून आहे, असं सासूबाई सांगतात. माहेरून आणलेलं लिहायचं टेबल आठवड्याभरात टीव्हीखाली गेलं, कारण टीव्ही त्यावर अगदी मापात बसला. वाढदिवसाला मिळालेला दिवा भावजींच्या उशाशी गेला, कारण पेपर वाचायला उजेड लागतो. त्यांची एक छत्री माझ्याकडेही आहे, असो. दर वेळी जाऊबाई, म्हणजे माझ्या ताई, “असू दे” म्हणाल्या. त्यामुळे त्या स्वभावाने फार गोड आहेत यावर घरात एकमत आहे. त्यांचं काही ना काही प्रत्येकाकडेच असल्यामुळे हे मत बदलणं कोणाला परवडणारंही नाही.

अशा या ताई अकरा वर्षं एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं रचतात. ओट्यावरची भाजी बाजूला सारायची, पट्टी-पेन्सिलीने चौकोन आखायचे, आडवे-उभे शब्द जुळवायचे. लेकीच्या कांजिण्यांतसुद्धा एक आठवडा चुकला नाही. घरात या उद्योगाला ‘आईचे चौकोन’ म्हणतात. कोडं सोडवायला मात्र कोणी बसत नाही. बसलं तर अडेल, आणि अडलं तर ताईंना विचारावं लागेल, एवढी साधी अडचण आहे.

तर गेल्या महिन्यात संपादकांचा फोन आला. “एक तारखेपासून हाताने काढलेलं चालणार नाही. टाइप करून ईमेलने पाठवा. जमत नसेल तर तसं सांगा, तयार कोडी विकत मिळतात.”

ताईंनी लग्नाआधी मराठी टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या. जमण्याचा प्रश्न नव्हता, यंत्राचा होता. मोबाइलवर चौकोन मुंगीएवढे दिसत, आणि मुळात ताईंचा मोबाइल दिवसभर सासूबाई आणि त्यांच्या बहिणीच्या मध्ये असतो. जेवताना ताई म्हणाल्या, “मला एक कॉम्प्युटर हवाय. साधा. स्क्रीनमध्येच सगळं असतं तसला, छोटा. शिलाई मशीनशेजारी मावेल असा.”

झालं. ताईंच्या कॉम्प्युटरसाठी सगळं घर कामाला लागलं.

“घ्यायचाच तर मोठा घेऊ,” भावजी म्हणाले. “हॉलमध्ये लावू. मॅच काय दिसेल!”

“आई, छोट्याला ग्राफिक्स कार्ड नसतं,” लेक म्हणाली. ती कॉलेजात व्हिडिओ करते. “मी यादी देते, त्याप्रमाणेच आण हं.”

“आवाज मोठा हवा,” सासूबाई म्हणाल्या. “मालिकेतलं अर्धं मला ऐकूच येत नाही.”

“आणि चौकोन?” मी विचारलं.

“ते काय, कशावरही होतील की,” भावजी म्हणाले. “सकाळी सगळे बाहेर पडलो की बसावं तिने.”

सकाळी सगळे बाहेर पडले की ताईंना फक्त स्वयंपाक, धुणं, बाजार आणि सासूबाई एवढंच असतं, हे खरं. मला वाटलं, आता “असू दे” येणार. ताई म्हणाल्या, “प्रत्येकाने आपापली यादी लिहून द्या.”

मंगळवारी दुपारी आम्ही दोघी दुकानात गेलो. टाय लावलेला विक्रेता पुढे आला. ताईंनी तिन्ही याद्या त्याच्या हातात दिल्या. “या याद्यांतलं ज्यात काहीही नाही, असा एक दाखवा.”

त्याने कागद उलटसुलट करून पाहिले. “ताई, म्हणजे हे सगळं हवंय ना?”

“नकोय.”

बिचाऱ्याने एक मधला दाखवला. ताईंनी विचारलं, “यावर गेम चालतात?”

“चालतात ना! थोडे अडखळतील, पण...”

“याहून साधा दाखवा.”

मग कोपऱ्यातला एक निघाला. पाटीएवढी स्क्रीन, मागे जाडसर पाठ, बस्स. ताईंनी चौकशी सुरू केली. आवाज? “बेताचाच आहे, ताई.” छान. टीव्हीचा बॉक्स जोडता येतो? “नाही, तशी सोयच नाही.” उत्तम. नंतर आत काही नवं कार्ड वगैरे घालता येतं?

“नाही हो, सगळं स्क्रीनच्या मागेच बंद असतं. याच्यात वाढवता काही येत नाही.”

“कोणालाच?”

“कोणालाच,” तो ओशाळून म्हणाला. त्याच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच मालाची इतकी खरी निंदा बाहेर पडत होती, आणि समोरचं गिऱ्हाईक खुलत चाललं होतं.

मग ताई खुर्ची ओढून बसल्या. अकरा बाय अकराचा तक्ता त्याच्याकडून करून घेतला, काही चौकोन काळे केले, मराठीत चार शब्द टाइप केले आणि ते स्वतःलाच ईमेल केले. पोचले. सुरू व्हायला किती वेळ लागतो तेवढं घड्याळ लावून पाहिलं. साडेतीन मिनिटं.

“तेवढ्यात कणीक मळून होते,” त्या म्हणाल्या. “हाच द्या.”

घरी शोककळा. भावजींनी मॅच लावून पाहिली. चेंडू पडला एकीकडे, दिसला दुसरीकडे. सासूबाई मालिका सुरू व्हायची वाट पाहता पाहता पेंगल्या. लेकीने मागून-पुढून तपासलं आणि कपाळाला हात लावला. “आई, तुला चक्क फसवलं गं त्यांनी! काय म्हणून हा उचललास?”

“मला कुठे त्यातलं कळतं,” ताई म्हणाल्या.

भावजींनी उदारपणे समजूत घातली. “जाऊ दे, तुझ्या चौकोनांपुरता ठीक आहे.” हॉलसाठी पुढे मोठा घ्यायचा, असंही त्याच बैठकीत ठरलं. ताईंनी त्याला मनापासून पाठिंबा दिला.

आता तो शिलाई मशीनशेजारी आहे. पाहुण्यांना दाखवताना सगळे त्याला हसतात आणि पुढे जातात. कोणी हात लावत नाही. शनिवारी मी आमच्या वरच्या मजल्यावरून खाली गेले तेव्हा ताई कोडं पाठवून बसल्या होत्या, तीस तारखेला, मुदतीच्या आधी. संपादकांचं उत्तर आलेलं होतं, एकाच शब्दाचं: ‘मिळालं.’

“वाच,” त्या म्हणाल्या, आणि मला वाचता यावं म्हणून खुर्ची जराशी सरकवली. उठल्या मात्र नाहीत.