सात दिवसांच्या गोळ्या

औरादमध्ये दवाखाना टाकून पंधरा वर्षं झाली. जुने केसपेपर निदान रद्दीवाला नेतो. किस्से मात्र डोक्यातच साठत जातात, आणि त्यात न्युमोनियाच्या पेशंटांचा ढीग सगळ्यात मोठा!

*

एक मास्तर होते. एक्स-रेत न्युमोनिया दिसला, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने धापा टाकत परत!

"गोळ्या संपवल्या का?"

"दोन दिवसांत ताप गेला की. मग कामून खावं?"

मी चिडलो. "मास्तर, पोरगं वर्षात दोनच दिवस शाळेत आलं तर पास करता का?"

"करावंच लागतंय, डॉक्टरसाब. वरून ऑर्डर हाय!"

*

खटकचिंचोळीचे एक अप्पा गोळ्यांवरच छान सुधारत होते. मुलगा मात्र हटून बसला, "सलाइन लावा."

"अरे, ते भाकरी खातायत, चहा पितायत. सलाइन कशाला?"

"पाहुणे बघायला यायलेत, डॉक्टरसाब. नुसतं झोपलेलं कसं दाखवू?"

*

चिटगुप्प्याच्या एका विडी ओढणाऱ्या व्यापाऱ्याला दीड महिन्याने पुन्हा एक्स-रे काढायला सांगितला. छाती इतकी स्वच्छ, की मी कौतुकाने नर्सला बोलावून दाखवली. तेवढ्यात शेठ खोकत आत आले.

"फोटो माझ्या भावाचा, अण्णाचा हाय. मला दुकान सोडून जमतंय व्हय? तो रिकामाच होता!"

*

आणि या सुभद्राक्का. गोळ्या दिल्या त्याच्या तिसऱ्याच दिवशी नवरा, माणिकअप्पा, त्यांना जीपमधून घेऊन आला. ओठ निळे पडलेले, ऑक्सिजन उतरलेला. मी घाबरलो. मास्क लावला, बीदरला न्यायला अॅम्ब्युलन्स बोलावली.

"अक्का, गोळ्या घेतल्या ना?"

"ह्यांनाबी खोकला हाय. दवाखान्याला यायचं नावच न्हाई. मनून ह्यांनाच दिल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणिकअप्पांवर मी ओरडलोच, "बायकोच्या गोळ्या खाल्ल्या? अहो, जीव जाईल तिचा!"

अप्पांनी खोकत खोकत खिशातून रुमाल काढला. त्यात अख्खी स्ट्रिप होती. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"मी कुठं खाल्ल्या? हिला पुन्हा लागतील मनून ठेवल्या."

अक्कांनी तोंडावरचा मास्क ओढून काढला.

"अजून खाल्ल्याच न्हाईत? तरीच खोकला जाईना तुमचा!"