असुराचे डोळे

पेणच्या कारखान्यात मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. देवीचं बुबुळ वरच्या पापणीखाली अर्धं झाकायचं. तिच्या पायाखालच्या असुराचं मात्र पूर्ण दाखवायचं, भोवती पांढरं सोडायचं. वीस वर्षं हाताला हेच वळण.

सुट्टीत रोह्याहून आलेली भाची मोबाइलवर जपानी ॲनिमे बघत होती. मी डोकावले आणि शांत, अर्धवट मिटल्या डोळ्यांच्या बाईवर बोट ठेवून म्हटलं, "ही तुझी हिरॉईन ना?"

भाची खिदळली. "नाय गो आत्या, ही तर व्हिलन! हिरॉईन ती."

ती म्हणजे बशीएवढ्या डोळ्यांची पोर. माझं डोकंच फिरलं. "असले डोळे आम्ही असुराला काढतो! यांचं सगळं उलटंच कसं?"

"उलटं काय त्यात? ती घाबरलेली हाय. घाबरते, तरी लढते."

दुसऱ्या दिवशी देवीच्या पायाखालचा असुर रंगवायला घेतला. ब्रश टेकवणार, तोच हात थांबला. वीस वर्षं मी त्याच्या डोळ्यांत राग भरत आले. छातीवर देवीचा पाय असताना राग कोणाला सुचतो?